चुकांवरून ओळखलेलं घराणं

मराठी साहित्य शिकणाऱ्याने प्रथिनांवर लेख लिहावा, हे काहींना विचित्र वाटेल. पण गेल्या साठेक वर्षांत रेणूजीवशास्त्राने उत्क्रांतीबद्दल जे सांगितलं, त्यामागची मूळ युक्ती आपल्याच वर्गातली आहे. तिचं नाव पाठचिकित्सा. म्हणून आधी दोन शब्द तिच्याबद्दल.

फादर थॉमस स्टीफन्स यांचं 'क्रिस्तपुराण' १६१६ साली गोव्यात, राशोलला छापलं गेलं. त्याच शतकात त्याच्या आणखी दोन आवृत्त्या निघाल्या. या तिन्ही छापील आवृत्त्यांची एकही प्रत आज आपल्या हाती नाही. आहेत त्या कुणीकुणी हाताने उतरवून घेतलेल्या नकला. काही रोमी लिपीत, तर लंडनला असलेली मार्सडेन संग्रहातली प्रत देवनागरीत. जे. एल. सालढाणा यांनी १९०७ साली मंगळूरला जी आवृत्ती काढली, तीही अशा हस्तलिखितांवरूनच. मूळ ग्रंथ समोर नसताना कुठली नकल कुठल्या नकलेवरून झाली, हे ठरवायचं कसं?

अभ्यासकांचा नियम सोपा आहे. दोन प्रतींत एखादी ओवी अगदी बरोबर आणि सारखी असेल, तर त्यावरून फारसं काही सिद्ध होत नाही, कारण दोघांनीही मूळ नीट उतरवलं असेल. पण दोन्ही प्रतींत एकाच ठिकाणी तीच ओळ गळलेली असेल, तोच शब्द तसाच चुकलेला असेल, तर मात्र कान टवकारायचे. दोन नकलनवीस स्वतंत्रपणे नेमकी तीच चूक, आणि तीही दहा-वीस ठिकाणी, करणार नाहीत. म्हणजे त्या दोन्ही प्रतींची आई एकच, आणि चूक तिच्यातच होती. पुण्याच्या भांडारकर संस्थेत महाभारताची चिकित्सक आवृत्ती तयार झाली, तेव्हा शेकडो हस्तलिखितांची घराणी लावताना समान पाठ आणि समान क्षेपकं अशीच मोलाची ठरली. थोडक्यात, समान चूक हा नात्याचा सगळ्यात भक्कम पुरावा.

हाच नियम सजीवांच्या आत लिहिलेल्या मजकुराला लावला तर काय दिसतं, हे या लेखात पाहायचं आहे.

मजकूर कुठे आहे?

आपल्या पेशीतला डीएनए म्हणजे चार अक्षरांत लिहिलेला लांबलचक मजकूर. अक्षरं ए, टी, जी आणि सी. माणसाच्या एका संचात अशी सुमारे ३०० कोटी अक्षरं असतात. त्यातल्या काही भागांना आपण जनुक म्हणतो, आणि पुष्कळशा जनुकांत प्रथिन कसं बनवायचं ते लिहिलेलं असतं.

प्रथिन म्हटलं की आपल्याला डाळ, अंडी आणि मासे आठवतात. जीवशास्त्रात मात्र प्रथिन म्हणजे पेशीतला कामकरी. प्राणवायू वाहून नेणारं हिमोग्लोबिन प्रथिन, स्नायू आखडवणारी प्रथिनं, अन्न पचवणारे एन्झाइमही प्रथिनच. प्रथिन म्हणजे अमिनो आम्लांची माळ. मण्यांचे प्रकार २०. कुठला मणी कितव्या जागी, यावर माळ कशी दुमडणार ते ठरतं, आणि कशी दुमडते यावर तिचं काम ठरतं.

डीएनएतली तीन अक्षरं मिळून एक मणी ठरतो. चार अक्षरांचे असे ६४ त्रिक होतात. त्यातले ६१ मण्यांसाठी आणि ३ पूर्णविरामासारखे, 'इथे थांब' सांगणारे. मणी २० आणि त्रिकं ६१, म्हणजे एकाच मण्यासाठी अनेक शब्द आहेत. ल्युसिन नावाच्या एका मण्यालाच सहा. ही संकेतलिपी उलगडण्याच्या कामासाठी हरगोविंद खुराना यांना १९६८ साली इतर दोघांसोबत नोबेल मिळालं. आणि लक्षात ठेवायची गोष्ट ही, की काही किरकोळ अपवाद सोडले तर जिवाणू, भाताचं रोप, बांगडा आणि माणूस या सगळ्यांची ही संकेतलिपी एकच आहे.

पेशी दुभंगताना हा सगळा मजकूर उतरवला जातो. पेशीतला नकलनवीस अतिशय काळजीपूर्वक काम करतो, पण तो अचूक नाही. प्रत्येक बाळ आईबापांत नसलेले साधारण साठ-सत्तर नवे पाठभेद घेऊन जन्माला येतं. बहुतेकांनी काहीच बिघडत नाही. पण ते पुढच्या पिढीत उतरतात, मग त्याच्या पुढच्या. नकल, चूक, पुन्हा नकल. म्हणजे हस्तलिखितांची जी परिस्थिती, तीच इथे आहे.

१९६० च्या दशकात एमिल झुकरकांडल आणि लायनस पॉलिंग या दोघांनी हे पहिल्यांदा स्पष्ट मांडलं. त्यांच्या १९६५ सालच्या निबंधाच्या शीर्षकातच त्यांनी रेणूंना उत्क्रांतीच्या इतिहासाचे दस्तऐवज म्हटलं. रसायनशास्त्रज्ञांनी चक्क आपला शब्द उचलला!

एका प्रथिनाच्या अनेक प्रती

सायटोक्रोम सी हे छोटंसं प्रथिन घेऊ. अन्नातून ऊर्जा काढण्याच्या कामात ते लागतं, त्यामुळे यीस्टपासून माणसापर्यंत सगळ्यांकडे ते आहे. माणसात त्याची लांबी १०४ मणी.

आता प्रती शेजारी ठेवून वाचू. माणूस आणि चिंपांझी: फरक शून्य. माणूस आणि रीसस माकड: एका मण्याचा फरक. माणूस आणि घोडा: १२. माणूस आणि कोंबडी: १३. टूना मासा: सुमारे वीस. यीस्ट: चाळिसाच्या पुढे.

वॉल्टर फिच आणि इमॅन्युएल मार्गोलियाश यांनी १९६७ मध्ये २० सजीवांच्या सायटोक्रोम सी वरून वंशवृक्ष काढला. हाडं, दात, पिसं यांपैकी काहीही त्यांनी वापरलं नव्हतं, फक्त प्रथिनातले मणी मोजले होते. तरी निघालेलं झाड जीवशास्त्रज्ञांनी शंभर वर्षं शरीररचना बघून काढलेल्या झाडाशी बऱ्याच अंशी जुळलं. दोन वेगळ्या साक्षीदारांनी एकमेकांशी न बोलता तीच हकिकत सांगावी, तसं हे झालं.

इथे एक शंका येईल. घोडा आपल्यासारखा सस्तन प्राणी, तरी त्याचा फरक १२ आणि कोंबडीचा १३? एवढंच अंतर? शंका रास्त आहे. शंभर अक्षरांच्या एकाच उताऱ्यावरून घराणं लावलं, तर बारीक तपशील निसटणारच. म्हणून आता एका प्रथिनावर कुणी थांबत नाही. शेकडो, हजारो जनुकं एकत्र वाचली जातात, आणि मग घोडा कोंबडीपेक्षा कितीतरी जवळ दिसतो.

दुसरी गंमत यीस्टची. यीस्टपासून मोजायला सुरुवात केली, तर माणूस, घोडा, कोंबडी, टूना सगळे जवळपास सारख्याच अंतरावर येतात. आपण समजतो की उत्क्रांती म्हणजे शिडी, खालच्या पायरीवर यीस्ट आणि वर आपण. तसं असतं तर मासा यीस्टला माणसापेक्षा जवळचा निघाला असता. तो निघत नाही. म्हणजे ही शिडी नव्हे, झाड आहे. यीस्ट आपला पणजोबा नाही, फार लांबचा चुलतभाऊ आहे, आणि त्याची फांदी आपल्या फांदीइतकीच वर्षं वाढत आली आहे.

'कर्ता एकच असेल' हा आक्षेप

यावर एक आक्षेप नेहमी घेतला जातो, आणि आपल्यासारख्या श्रद्धावंतांच्या घरांत तो जास्तच ऐकू येतो. सगळ्यांचं काम सारखं, म्हणून देवाने सगळ्यांना सारखंच प्रथिन दिलं असेल. एकाच सुताराच्या खुर्च्या सारख्या दिसतात, तर त्या काय एकमेकींपासून जन्मल्या?

आक्षेप बाळबोध नाही. सारखेपणा चांगला, उपयोगी असेल तर तो फारसं सिद्ध करत नाही, हे पाठचिकित्साही म्हणते. शिवाय सायटोक्रोम सी चं काम करायला नेमके तेच मणी लागतात असंही नाही. यीस्टचं स्वतःचं काढून जागी माणसाचं दिलं, तरी यीस्टचं भागतं. मग चिंपांझीला आपल्यासारखंच आणि टूनाला वेगळं का, हा प्रश्न उरतोच. पण खरं उत्तर हवं असेल, तर चुकीकडे वळायला हवं. त्यासाठी थोडा गोव्याचा समुद्र.

ऑक्टोबर १४९८ मध्ये वास्को द गामाची जहाजं परतीच्या वाटेवर अंजदीव बेटावरून निघाली. हे बेट कारवारसमोर असलं तरी गोव्याचंच धरलं जातं. वारा उलटा होता. आफ्रिकेचा किनारा गाठायला जवळजवळ तीन महिने लागले आणि तेवढ्यात तीसेक खलाशी मेले. हिरड्या सुजून, हातपाय फुगून. हा स्कर्व्ही, म्हणजे क जीवनसत्त्वाचा अभाव. ताजी फळं-भाजी नाही, म्हणून मरण.

पण त्याच जहाजांवरच्या उंदरांना स्कर्व्ही झाला नसणार. उंदीर स्वतःच्या यकृतात क जीवनसत्त्व तयार करतो. बकरी करते, कुत्रा करतो, बहुतेक सस्तन प्राणी करतात. त्या प्रक्रियेतली शेवटची पायरी पार पाडणारा एक एन्झाइम आहे, त्याच्या जनुकाला गुलो म्हणतात. आपल्याला तो एन्झाइम बनवता येत नाही.

आता प्रश्न असा: माणसाला हे जनुक दिलंच नाही, की होतं आणि मोडलं? १९९० च्या दशकात शास्त्रज्ञांनी शोधलं, तर जनुक सापडलं. आठव्या गुणसूत्रावर, फाटक्या पोथीसारखं. काही पानं गायब, उरलेल्यांत अक्षरं गळालेली. वाचता येतं की हे गुलोच, पण त्यावरून एन्झाइम बनत नाही.

आणि मग शेजारच्या प्रती पाहिल्या. चिंपांझी, ओरांगउटान, मकाक माकड, यांच्याकडेही हे जनुक मोडकंच. त्यांच्या आणि आपल्या जनुकातला एकच भाग शेजारी ठेवला, तेव्हा चौघांतही एकाच ठिकाणी एक अक्षर गळालेलं दिसलं. लेमूर हा आपल्याला माकडांपेक्षा दूरचा, आणि त्याचं जनुक चालू आहे. गिनीपिगलाही क जीवनसत्त्व बनवता येत नाही, पण त्याचं जनुक वेगळ्या तऱ्हेने मोडलेलं आहे. म्हणजे तिथे तो अपघात स्वतंत्रपणे झाला.

सुताराचा दाखला इथे अडतो. एकच सुतार सारख्या खुर्च्या करील, मान्य. पण चार खुर्च्यांना एकाच जागी तीच निरुपयोगी भेग असेल, तर आपण म्हणू की त्या एकाच फळीतून कापल्या आहेत. समान चूक, समान आई. त्या खलाशांच्या मरणामागचं एक कारण वारा होता, एक कारण शिधा. आणि तिसरं कारण कोट्यवधी वर्षांपूर्वी फळं खाणाऱ्या एखाद्या पूर्वजात झालेली नकलेतली चूक. फळं भरपूर होती, म्हणून तेव्हा ती कुणाला जाणवलीही नाही.

चूक कधी कामाला येते

इथवर चुका फक्त खुणा होत्या. पण उत्क्रांतीत त्या कच्चा मालही असतात.

सिकल सेल हा आजार आपल्याकडे नंदुरबार, गडचिरोली आणि विदर्भाच्या इतर भागांत, विशेषतः आदिवासी समाजात, आजही मोठा प्रश्न आहे. हिमोग्लोबिनमध्ये चार माळा असतात, दोन अल्फा आणि दोन बीटा. बीटा माळेत १४६ मणी. व्हर्नन इन्ग्रॅम यांनी १९५६-५७ मध्ये दाखवलं की या आजारात फक्त सहावा मणी बदलतो, ग्लुटामिक आम्लाच्या जागी व्हॅलिन येतं. जनुकात जीएजी चं जीटीजी होतं. एक अक्षर! तेवढ्याने प्राणवायू कमी झाला की हिमोग्लोबिनचे रेणू एकमेकांना चिकटतात, तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकतात, रक्तवाहिन्या तुंबतात, माणूस वेदनेने तळमळतो.

इतका घातक बदल टिकला कसा? अँथनी अ‍ॅलिसन यांनी १९५४ मध्ये पूर्व आफ्रिकेतल्या अभ्यासावरून उत्तर दिलं. आईबापांपैकी एकाकडूनच ही प्रत मिाळाली, तर आजार सहसा होत नाही, आणि घातक मलेरियापासून बरंच संरक्षण मिळतं. दोघांकडून मिळाली तर आजार. जिथे मलेरिया माजला, तिथे ही प्रत टिकली. म्हणजे या रोगाला 'रक्तातला दोष' म्हणून त्या समाजाकडे बोट दाखवणं अन्यायाचं आहे. त्यांच्या पूर्वजांनी मलेरियाशी केलेल्या लढाईची ती किंमत आहे, आणि ती त्यांची मुलं आजही भरतायत.

एका मण्याने फायदाही होतो. हिवाळ्यात भिगवणच्या पाण्यावर किंवा गदगजवळच्या मागडी तलावावर पट्टकादंब हंस उतरतात. ते हिमालय ओलांडून येतात, जिथे हवा अतिशय विरळ असते. त्यांच्या हिमोग्लोबिनच्या अल्फा माळेत ११९ व्या जागी प्रोलिनऐवजी अ‍ॅलनिन आहे, आणि त्याने प्राणवायू जास्त घट्ट धरायला मदत होते. फुप्फुसं, पंख, श्वासाची लय यांचाही वाटा आहेच. पण एवढ्या मोठ्या उड्डाणातला एक धागा एका मण्यापर्यंत पोहोचतो.

नवं काम करणारं प्रथिन कुठून येतं? सुसुमु ओहनो यांनी १९७० च्या ग्रंथात याची वाट दाखवली. कधी कधी नकलनवीस एखादं अख्खं जनुक चुकून दोनदा उतरवतो. एक प्रत जुनं काम सांभाळते, दुसरी मोकळी होते. तिच्यात बदल झाले तरी जीव जात नाही, आणि क्वचित नवं काम जमतं. हिमोग्लोबिनच्या अल्फा आणि बीटा माळा, आणि स्नायूंतलं मायोग्लोबिन, ही अशाच एका जुन्या जनुकाची लेकरं. पोटातल्या बाळाचं हिमोग्लोबिनही त्याच कुटुंबातलं. ते आईच्या हिमोग्लोबिनपेक्षा प्राणवायू घट्ट धरतं, म्हणून बाळाला आईच्या रक्तातून तो घेता येतो. जन्मण्याआधी आपण सगळे अशा एका दुबार नकलेवर जगलोय.

यातूनच आणखी एका जुन्या आक्षेपाचं उत्तर मिळतं. शंभर मण्यांची माळ २० मण्यांतून निव्वळ योगायोगाने जुळायची, तर शक्यता किती? एकावर १३० शून्यं लिहा, तेवढ्यांत एक. गणित बरोबर आहे, पण प्रश्न चुकला आहे. निसर्ग प्रत्येक वेळी सगळे मणी उधळून नव्याने माळ ओवत नाही. असलेल्या माळेत एखादा मणी बदलतो, चाललं तर राहतं, नाही चाललं तर जातं. शिवाय काम करणारी माळ एकच नसते. चाळिसावर मणी वेगळे असूनही यीस्टचं सायटोक्रोम सी व्यवस्थित चालतं, हे आपण पाहिलं.

आणि आपली श्रद्धा?

हा प्रश्न टाळून हा लेख पुरा होणार नाही. रविवारी मिस्साला जायचं आणि सोमवारी मान्य करायचं की आपल्या पेशीत माकडांसारखंच मोडलेलं एक जनुक आहे, हे एकत्र बसतं का?

कॅथलिक चर्चने उत्क्रांतीवर बंदी घातलेली नाही, हे आपल्यापैकी अनेकांना ठाऊक नसतं. पोप पायस बारावे यांनी १९५० च्या 'हुमानी जेनेरिस' या परिपत्रकात मानवी शरीराच्या उत्क्रांतीवर संशोधन आणि चर्चा करायला मोकळीक दिली. आत्मा मात्र थेट देवाकडून, ही शिकवण कायम ठेवली. पोप जॉन पॉल दुसरे यांनी १९९६ मध्ये पोंटिफिकल अ‍ॅकॅडमी ऑफ सायन्सेसला पाठवलेल्या संदेशात उत्क्रांतीचा सिद्धांत आता निव्वळ तर्क राहिलेला नाही, असं मान्य केलं. आणि आनुवंशिकतेचे नियम शोधणारे ग्रेगोर मेंडेल स्वतः ऑगस्टिनियन मठवासी होते.

सगळं सुरळीत आहे असंही नाही. 'हुमानी जेनेरिस'ने सगळी मानवजात एकाच आद्य जोडप्यापासून, ही समजूत सोडायला परवानगी दिली नाही. आजच्या माणसांच्या जनुकांत जी विविधता आहे, तिच्यावरून मात्र आपले पूर्वज कधी केवळ दोनच होते असं दिसत नाही. मूळ पापाची शिकवण यापुढे कशी समजून घ्यायची, यावर धर्मशास्त्रज्ञ विचार करतायत. तो विचार प्रामाणिकपणे चालू द्यावा. विज्ञानाचे पुरावे लपवून श्रद्धा वाचत नाही.

मला वाटतं, उत्पत्तीच्या पुस्तकाला प्रथिनांचे प्रश्न विचारणं म्हणजे अभंगाला पंचांग विचारण्यासारखं आहे. माणूस मातीतून घडला, एवढं ते पुस्तक सांगतं. ती माती किती जुनी, किती हातांतून नकलली गेली, आणि बांगड्याची, बकरीची, माकडाची माती तीच आहे, हे रेणूजीवशास्त्र सांगतं. असिसीच्या संत फ्रान्सिसने साऱ्या सृष्टीला भाऊ-बहीण मानलं. आता त्या नात्याची वंशावळही आपल्याला वाचता येते.

हे वाचायला हवं

२०२३ साली एनसीईआरटीच्या दहावीच्या विज्ञानाच्या पुस्तकातून उत्क्रांतीचा भाग वगळला गेला, त्यावर देशभर चर्चा झाली. बारावीच्या जीवशास्त्रात तो आहे. पण दहावीनंतर कला किंवा वाणिज्य शाखेला जाणाऱ्या मुलामुलींना तो वर्गात भेटणार कधी? आपल्या साहित्य मंडळातले बहुतेक जण याच वाटेने आलेत.

म्हणून हे काम आपलंही आहे. हस्तलिखित वाचायची, पाठभेद तपासायची, चुकीवरून घराणं लावायची सवय आपल्याला आहे. क्रिस्तपुराणाची मूळ प्रत हरवली, तरी तिच्या नकला तिच्याबद्दल बोलतात. आपल्या सगळ्यांचा मूळ पूर्वजही हरवला आहे. पण त्याच्या नकला आपल्या प्रत्येक पेशीत आहेत, चुकांसकट, आणि त्या वाचण्यासारख्या आहेत.